नाशिकच्या उतारांसाठी डाउनहिल सायकल: निवड, जुळवणी आणि पहिल्या दिवसाच्या तपासण्या

डाउनहिल सायकल, म्हणजे खडकाळ उतार वेगात उतरण्यासाठीची सायकल, जुळवायला घेणाऱ्यांपैकी बरेच जण सुरुवात फोर्कपासून, म्हणजे पुढच्या चाकाच्या धक्के शोषणाऱ्या चिमट्यापासून करतात. दोन क्राउनचा (दोन्ही पाय वर-खाली दोन आडव्या पट्ट्यांनी जोडलेला), २०० मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे तेवढा दबणारा) फोर्क कुठेतरी सवलतीत दिसतो, तो घरी येतो आणि मग त्याला साजेशी फ्रेम शोधणं सुरू होतं. पुढचं सगळं त्या एका खरेदीभोवती ओढूनताणून बसवलं जातं. मागचं हब फ्रेमपेक्षा ९ मिमीने अरुंद निघतं, शॉकचे, म्हणजे मागच्या धक्काशोषकाचे, बुश बसत नाहीत, चेन जागेवर धरणाऱ्या चेन गाइडला फ्रेमवर भोकंच नसतात. शेवटी सातपूरच्या एखाद्या टर्निंगवाल्याकडून स्पेसर करून घेतले जातात आणि सायकल कशीबशी उभी राहते. ती सपाटीवर चालतेही, पण खडकावरून वेगात उतरताना तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

खाली दिलेला क्रम म्हणूनच महत्त्वाचा आहे. आधी उतार, मग फ्रेम, मग फ्रेमची मापं कागदावर आणि त्यानंतर बाकीची खरेदी. जुळवणीचा क्रम खरेदीच्या क्रमापेक्षा वेगळा आहे, तोही पुढे आला आहे.

## १. उतार कुठला आणि वर जायचं कसं, हे आधी ठरवा

आपल्याकडे सायकल वर नेणारी लिफ्ट नाही. वर जायचं तर ढकलत, नाहीतर छोट्या हत्तीत टाकून. डाउनहिल सायकलचं वजन साधारण १५ ते १७ किलो असतं, पुढे ३४ किंवा ३६ दातांची एकच चकती, मागे बहुतेक वेळा सात गिअर आणि सीट मुद्दाम खाली ठेवलेली. अशा सायकलीने घाट चढणं हा अत्याचार आहे.

म्हणून स्वतःला सरळ विचारा: महिन्यातल्या किती फेऱ्या पॅडल मारत वर जाऊन होणार आहेत? निम्म्याहून जास्त असतील, तर १६० ते १७० मिमी ट्रॅव्हलची, एका क्राउनच्या फोर्कची, पॅडल मारत वरही नेता येणारी एंड्युरो सायकल घ्या. नाशिक परिसरात चालवणाऱ्या बहुतेकांना तीच जास्त उपयोगी पडेल असं माझं स्पष्ट मत आहे. पिकअपची कायमची सोय असेल, एकाच उतारावर पुन्हापुन्हा फेऱ्या होणार असतील, मोठे ड्रॉप आणि मोठे दगड अपेक्षित असतील किंवा बाहेरच्या स्पर्धांना जायचं असेल, तरच खरी डाउनहिल सायकल.

आपल्या भागातल्या जमिनीकडेही नीट पाहा. त्र्यंबक, इगतपुरी, पेठ या बाजूंना बेसॉल्टचा काळा कातळ पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो, त्याखाली सुटा मुरूम आणि धारदार कडांचे दगड. पावसाळ्यानंतर दोन महिने हे सगळं गवताखाली लपतं. बाभळीचे आणि बोरीचे काटे तर बारमाही. या तिन्ही गोष्टींचा परिणाम टायर, रिम आणि हवेच्या दाबावर होतो, त्यामुळे परदेशी बाइक पार्कसाठी लिहिलेले आकडे जसेच्या तसे उचलू नका.

इशारा: अंजनेरी आणि बोरगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत, तिथे उतार शोधू नका. ब्रह्मगिरीच्या वाटेवर यात्रेकरू असतात आणि पांडवलेणीवर रोज सकाळी फिरायला जाणारी वयस्कर मंडळी असतात, त्या वाटा वेगाच्या सायकलींसाठी नाहीत. खासगी डोंगरउतारावर शेतकऱ्याची परवानगी घ्या, वनजमिनीवर वनविभागाची. पावसात मऊ झालेल्या वाटेवर चाकांनी पाडलेली चर पुढच्या पावसात ओघळ होते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मातीच्या उतारांना विश्रांती द्या.

## २. फ्रेम निवडा आणि तिचं मापपत्रक बनवा

फ्रेमवर एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या वापर-वर्गाचं चिन्ह शोधा. एफ२०४३ या मानकात पाचवा वर्ग डाउनहिल आणि फ्रीराइडसाठी आहे. तिसऱ्या किंवा चौथ्या वर्गाच्या फ्रेमला दोन क्राउनचा फोर्क लावून ती डाउनहिल होत नाही. लांब फोर्कमुळे हेड ट्यूबवर (फ्रेमच्या पुढच्या, फोर्क बसतो त्या नळीवर) येणारा ताण तिच्या डिझाइनमध्ये धरलेला नसतो आणि तडा जातो तो तिथेच. कंपनीने दोन क्राउनच्या फोर्कला लेखी मान्यता दिली आहे का, ते मॅन्युअलमध्ये पाहा.

साइझ ठरवताना सीट ट्यूबची लांबी विसरा. उतरताना आपण उभे असतो, म्हणून रीच पाहायचा, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या जागेच्या) मध्यापासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. १६५ ते १७२ सेंमी उंचीला साधारण ४३० ते ४५० मिमी आणि त्यापुढे १८० सेंमीपर्यंत ४५० ते ४७० मिमी हा सुरुवातीचा अंदाज आहे. हेड अँगल, म्हणजे हेड ट्यूबचा जमिनीशी कोन, ६२ ते ६४ अंशांदरम्यान असतो. आपल्याकडचे उतार आखूड, वळणांचे आणि मध्येच अडणारे असल्यामुळे ६३ ते ६३.५ अंशांची, फार लांब नसलेली फ्रेम हाताळायला सोपी जाते.

चाकांचं माप: पुढे २९, मागे २७.५ ही जोडी मध्यम आणि कमी उंचीच्या चालकांना मी बिनधास्त सुचवेन. तीव्र उतारावर शरीर मागे गेलं की २९ इंची मागचं चाक मांडीला लागतं. पण फ्रेम त्या जोडीसाठी बनलेली हवी. २९ च्या फ्रेममध्ये मागे छोटं चाक घातलं की बॉटम ब्रॅकेट खाली येतो आणि पॅडल दगडावर आपटतं.

फ्रेम ठरली की एक कागद घ्या आणि त्यावर पुढची मापं लिहा. विक्रेत्याच्या तोंडी माहितीवर थांबू नका, कॅलिपरने मोजा.

- मागच्या ड्रॉपआउटची (चाकाचा ॲक्सल बसतो त्या खाचांमधली) रुंदी: १५७, १५०, १४८ की आणखी काही, आणि ॲक्सलचा व्यास
- बॉटम ब्रॅकेटची रुंदी: ७३ की ८३ मिमी, आटे असलेला की प्रेस-फिट
- शॉकची लांबी आणि स्ट्रोक: उदाहरणार्थ ट्रनियन प्रकारात (शॉकचं एक टोक थेट बाजूच्या बोल्टांवर बसतं) २२५ बाय ७५, साध्या डोळ्यांच्या प्रकारात २५० बाय ७५
- शॉकच्या बोल्टचा व्यास आणि बुशची रुंदी
- हेड ट्यूबच्या वरच्या आणि खालच्या बेअरिंगचं माप
- चेन गाइडसाठी आयएससीजी ०५ ची तीन भोकं आहेत का
- मागच्या ब्रेकला विनाॲडॉप्टर किती मिमीचा रोटर बसतो आणि जास्तीत जास्त किती

हा कागद पाकिटात ठेवा. यानंतरची प्रत्येक वस्तू त्याच्याशी ताडून घ्यायची.

तपासणी, जुनी फ्रेम घेत असाल तर: शॉक काढायला लावा. लिंकेज (शॉकला मागच्या चाकाच्या बाजूशी जोडणारे सांधे) हाताने वरखाली करा, हालचाल गुळगुळीत हवी आणि बाजूला हलता कामा नये. हेड ट्यूबचे जोड, बॉटम ब्रॅकेटच्या मागचा पूल आणि शॉकचे माउंट ओल्या फडक्याने पुसून विजेरीच्या तिरप्या उजेडात पाहा. रंगावरची केसासारखी रेघ नखाला अडली तर फ्रेम सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी. मूळ बिल आणि फ्रेम नंबर जुळतो का, तेही बघा.

## ३. खरेदीचा क्रम आणि पैसा कुठे घालायचा

फ्रेम आणि शॉक शक्यतो एकत्र घ्या. त्यानंतर चाकं, मग फोर्क आणि हेडसेट (हेड ट्यूबमध्ये फोर्क फिरवणाऱ्या बेअरिंगचा संच), मग ब्रेक, मग गिअरचा संच, आणि शेवटी हँडल, स्टेम, सीट. टायरचे पैसे मात्र पहिल्या दिवशीच बाजूला काढून ठेवा. शेवटी उरलेल्या पैशांत टायर घेतले जातात आणि इथेच घोडं पेंड खातं, कारण जमिनीला टेकणारी वस्तू तीच.

बजेट आखूड असेल तर गिअर, क्रँक, सीट आणि हँडल साधं चालेल. ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन यांत काटकसर करू नका. महागड्या कार्बन रिमपेक्षा चांगली ॲल्युमिनियमची रिम आपल्या कातळावर जास्त शहाणपणाची, पोचा पडला तरी बऱ्याचदा सावरून घरी येता येतं.

बाहेरून भाग मागवत असाल तर सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरियरचा हाताळणी खर्च धरून किंमत आधी काढा. आणि एक गोष्ट अगदी आवर्जून: फोर्कचे सील, शॉकचे बुश, ब्रेकचे पॅड आणि डिरेलरचा (मागचे गिअर बदलणाऱ्या यंत्राचा) हँगर, म्हणजे ते फ्रेमला जोडणारा तुकडा, हे सुटे भाग मूळ ऑर्डरमध्येच मागवा. हँगर वाकला आणि दुसरा नाही, म्हणून सायकल महिनाभर भिंतीला टेकून राहते.

सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमधून काय करून घ्यायचं आणि काय नाही, तेही इथेच सांगतो. शॉकचे स्पेसर, हेडसेट दाबायचे चपटे वॉशर, स्टँडचे भाग जरूर करून घ्या, आपल्याकडे हात कुशल आहेत. पण ॲक्सल, पिव्हटचे (लिंकेजच्या सांध्यांचे) बोल्ट आणि क्राउनचे बोल्ट कधीही करून घेऊ नका. कोणत्या दर्जाचं पोलाद आहे आणि त्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे, हे बाहेरून कळत नाही.

## ४. हत्यारं मांडून ठेवा

ठरलेल्या जोराने बोल्ट आवळणारे दोन टॉर्क पाने लागतात. एक साधारण २ ते २० न्यूटन मीटरचा, दुसरा ६० पर्यंत जाणारा. याशिवाय ॲलन की, टी२५ टॉर्क्स बिट, बॉटम ब्रॅकेट आणि कॅसेटची हत्यारं, चेन तोडायचं हत्यार, शॉक पंप, कमी दाब अचूक दाखवणारा डिजिटल हवामापक, ब्रेक ब्लीड किट (ब्रेकच्या तेलातली हवा काढायला), ग्रीस, निळं थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. भाग कार्बनचे असतील तर कार्बन पेस्टही.

अंदाजाने आवळणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे. साध्या पोलादी सायकलीवर ती खपून जाते. इथे स्टेमच्या बोल्टला ५ ते ६ न्यूटन मीटर लागतात आणि हाताने सहज १० दिले जातात.

## ५. फ्रेम तयार करा

बॉटम ब्रॅकेटचे आटे, आयएससीजीची भोकं आणि ब्रेक माउंट यांवरचा जादा रंग काढा. आटे घासून पुसा, ग्रीस लावा. लिंकेजचे सगळे बोल्ट एकेक करून काढा, बेअरिंग बोटाने फिरवून बघा, बोल्टच्या आट्यांना निळं थ्रेडलॉकर लावून फ्रेमच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कने बसवा. नवी फ्रेमही यातून सुटत नाही, कारखान्यातून कोरड्या आट्यांनी आलेल्या फ्रेम असतात.

शॉक अजून बसवायचा नाही.

## ६. हेडसेट आणि फोर्क

सर्वाधिक चुका या टप्प्यात होतात, म्हणून घाई नको.

हेडसेटचे कप हातोडीने ठोकू नका. प्रेस नसेल तर लांब आट्यांची सळई, दोन नट आणि कपाच्या कडेवर नीट बसणारे जाड चपटे वॉशर घ्या. एका वेळी एकच कप दाबा. तिरका जायला लागला की लगेच थांबा, बाहेर काढा आणि पुन्हा सरळ लावा. दोन क्राउनच्या प्रचलित फोर्कचा स्टिअरर (हेड ट्यूबमधून वर जाणारी नळी) वरपासून खालपर्यंत सरळ, १ १/८ इंचाचा असतो. फ्रेमचं खालचं बेअरिंग १.५ इंची असेल तर रिड्यूसर क्राउन रेस (खालच्या क्राउनवर बसणारी, माप जुळवणारी कडी) लागते, ती हेडसेटसोबतच मागवा. रेस खालच्या क्राउनवर पूर्ण टेकली आहे का, ते कागदाचा तुकडा सरकवून पाहा. कुठेही आत शिरता कामा नये.

स्टिअरर कापण्याआधी सगळं एकदा कोरडं जुळवा: खालचा क्राउन, बेअरिंग, हेड ट्यूब, वरचं बेअरिंग, स्पेसर, वरचा क्राउन. मग खूण करा, सायकल उतरवा, चहा घ्या आणि पुन्हा मोजा. कापलेला स्टिअरर वाढत नाही.

स्टँचियन (फोर्कच्या वरच्या गुळगुळीत नळ्या) क्राउनमध्ये किती वर सरकवता येतात याची मर्यादा फोर्कच्या मॅन्युअलमध्ये असते. पुढची बाजू खाली आणण्यासाठी ती ओलांडली, तर फोर्क पूर्ण दबल्यावर टायर खालच्या क्राउनवर घासतो.

हेडसेटची ढिलाई काढण्याचा क्रम असा:

१. खालच्या क्राउनचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळा.
२. वरच्या क्राउनचे सगळे बोल्ट, स्टिअररचे आणि स्टँचियनचे, ढिले ठेवा.
३. वरचं टोपण हळूहळू आवळा, ढिलाई जाईपर्यंतच.
४. मग वरच्या क्राउनचे बोल्ट आळीपाळीने, थोडेथोडे करून पूर्ण टॉर्कला आणा.

वरचा क्राउन आधी आवळून मग टोपण फिरवत बसणं ही नेहमीची चूक आहे. टोपण घट्ट होतं, हेडसेट मात्र ढिलाच राहतो, आणि दोन फेऱ्यांत बेअरिंग खडखडायला लागतं.

डायरेक्ट माउंट स्टेम असेल तर तो वरच्या क्राउनवर चार बोल्टांनी बसतो. हँडलच्या पुढच्या पट्टीची फट वर-खाली सारखी ठेवा, अर्थात कंपनीने वरची फट बंद करायला सांगितली नसेल तर. हँडल ७८० ते ८०० मिमीचं येतं. आधी पूर्ण रुंदीने चालवा, कापायचं नंतर ठरवा.

तपासणी: हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. स्टँचियनवरचे रबरी बंपर फ्रेमवर टेकले पाहिजेत, उघडा स्टँचियन किंवा क्राउन कुठेही लागता कामा नये. त्यानंतर चाक बसवून, फोर्कमधली हवा पूर्ण सोडून तो शेवटपर्यंत दाबा. टायर आणि खालचा क्राउन यांत मोकळी जागा राहिलीच पाहिजे. कॉइल फोर्क असेल तर स्प्रिंग काढून हीच तपासणी करा.

## ७. शॉक

बुश आणि स्पेसर स्वच्छ करून बसवा. शॉक माउंटमध्ये बोटांनी सरकला पाहिजे. ठोकून घालावा लागला तर माप चुकलं आहे किंवा फ्रेम वाकडी आहे. बाजूने जोर आलेला शॉक सील लवकर खातो आणि शाफ्टवर एका बाजूला ओरखडे उमटतात.

आता मागचं चाक लावून, स्प्रिंग काढून किंवा हवा सोडून, मागची बाजू पूर्ण दाबा. टायर सीटला, सीट ट्यूबला किंवा केबलला लागतो का? केबल आणि ब्रेकची नळी ताणली जाते का? ही तपासणी न करता पहिल्या ड्रॉपवर गेलेल्या सायकलीची सीट टायरने खरवडली जाते आणि चालक पुढे फेकला जातो.

नायट्रोजन भरलेला शॉक घरी उघडू नका.

## ८. चाकं आणि टायर

दोन क्राउनच्या सध्याच्या फोर्कला २० मिमी ॲक्सलचा, ११० मिमी रुंदीचा बूस्ट हब लागतो, मागे फ्रेमप्रमाणे. रिम आतून ३० मिमीच्या आसपास, स्पोक शक्यतो ३२. चाक सेंटर झालं म्हणजे काम संपलं असं समजू नका. शेजारचे दोन-दोन स्पोक बोटांनी दाबून ताण सारखा आहे का पाहा.

टायर २.४ ते २.५ इंची, दुपदरी डाउनहिल केसिंगचा (केसिंग म्हणजे टायरचं कापडी अंग). हलक्या केसिंगचा टायर आपल्या धारदार दगडांवर बाजूने फाटतो आणि बाजूची चीर सीलंटने भरत नाही. मॅक्सिसचा असेगाई पुढे आणि मिनियन डीएचआर टू मागे ही जोडी कोरड्या मुरूम-कातळावर भरवशाची आहे. पुढचा मऊ रबराचा घ्या, मागचा थोडा कडक घेतला तरी चालतो, तो तसाही लवकर झिजतो. मागे टायर इन्सर्ट (रिमला वाचवणारी, टायरच्या आत बसणारी फोमची कडी) घालायचा खर्च मी टाळणार नाही.

काट्यांमुळे ट्यूबलेसला पर्याय नाही. रिम टेप ताणून, सुरकुती न पडता लावा, प्रत्येक चाकात १२० मिलीच्या आसपास सीलंट घाला. जाड केसिंग बसवताना टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत राहा, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची झटापट होत नाही आणि टेप फाटत नाही. कड बसायला कंप्रेसर लागला तर पेट्रोल पंपावर जाता येतं, पण तिथला नोझल मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचा असतो. प्रेस्टा व्हॉल्व्हचा ॲडॉप्टर खिशात ठेवा. रिमवर लिहिलेला कमाल दाब ओलांडू नका आणि अंतिम दाब घरी आपल्याच मापकाने ठेवा.

डाउनहिल केसिंग आणि ७० किलोच्या आसपासचा चालक धरला, तर पुढे २२ ते २४ आणि मागे २५ ते २७ पीएसआय इथून सुरुवात करा. रिम दगडावर आपटल्याचा टणक आवाज आला की एकेक पीएसआय वाढवा.

इशारा: एप्रिल-मेच्या उन्हात सीलंट लवकर सुकतं. उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हमधून काडी घालून ओलावा बघा.

## ९. क्रँक, चेन आणि गिअर

क्रँक १६५ मिमी किंवा त्याहून आखूड. बाहेरच्या बेअरिंगचा आटेदार बॉटम ब्रॅकेट साधारण ३५ ते ५० न्यूटन मीटरला बसतो. शिमानोच्या दुहेरी बोल्टच्या क्रँकला १२ ते १४, श्रॅमच्या डब क्रँकला ५४. या दोन आकड्यांची अदलाबदल महागात पडते.

चेनची लांबी शॉक दाबूनच ठरवायची. मागची बाजू दबताना क्रँक आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर वाढतं. शॉक मोकळा करून हे अंतर जास्तीत जास्त होईल तिथे फ्रेम धरा, चेन डिरेलरमधून न नेता मोठ्या चकतीवरून मोठ्या कॅसेटवर गुंडाळा आणि दोन कड्या जास्त ठेवून तोडा. उभ्या सायकलीवर मोजून तोडलेली चेन पहिल्या मोठ्या धक्क्याला डिरेलर उपटते.

चेन गाइड आणि खालचा बॅश गार्ड लावाच. क्रँक उलटा फिरवून चेन गाइडला कुठे घासत नाही ना, ते बघा.

## १०. ब्रेक

पहिला प्रश्न: पुढचा ब्रेक कुठल्या हाताला? आपण मोटारसायकल चालवणारे, आपल्या उजव्या हाताला पुढचा ब्रेक ठाऊक. युरोप-अमेरिकेतून आलेल्या संचात बहुधा डाव्या हाताला पुढचा असतो. तुमचा हात ज्याला सरावला आहे तीच रचना ठेवा, आणि मित्राची सायकल घेतल्यावर आधी सपाटीवर दोन्ही लिव्हर दाबून पाहा. अदलाबदल करायची तर नळ्यांची लांबी कापण्याआधी ठरवा.

चार पिस्टनचा कॅलिपर, रोटर २०० किंवा २०३ मिमी, वजनदार चालकाला पुढे २२० मिमी. नळी कापताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि मागची बाजू पूर्ण दाबून लांबी धरा. सहा बोल्टच्या रोटरला शिमानो २ ते ४ न्यूटन मीटर सांगतं, श्रॅम ६.२. सेंटरलॉकला ४०. बोल्ट ताऱ्याच्या आकृतीप्रमाणे समोरासमोर आवळा.

इशारा, सर्वात महत्त्वाचा: शिमानो आणि मॅगुराच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल जातं. श्रॅमच्या कोड ब्रेकमध्ये डॉट ५.१ हे ब्रेकचं द्रव चालतं, तर त्याच कंपनीच्या मेवन ब्रेकमध्ये मिनरल ऑइल. मोटारसायकलच्या दुकानातली डॉटची बाटली मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये गेली की सील फुगतात आणि पूर्ण ब्रेक बाद होतो. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच द्रव आहे, ते कुठेच घालू नका. लिव्हरवर काय लिहिलं आहे ते वाचूनच बाटली उघडा.

ब्लीड करताना पॅड आणि चाक काढून ठेवा. तेलाचा एक थेंब पडलेला पॅड पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. चेनला डिझेल किंवा रॉकेलने धुण्याची पद्धत इथे बंद करा, त्याचे शिंतोडे मागच्या रोटरवर जातातच. रोटर फक्त आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि स्वच्छ फडक्याने पुसायचा.

मग पॅड बसवून घ्या. मोकळ्या मैदानात साधारण २० किमी वेगापर्यंत जा, चाक लॉक न करता चालण्याच्या वेगापर्यंत या. असं पुढच्या आणि मागच्या ब्रेकला वेगवेगळं वीस वेळा, नंतर थोड्या जास्त वेगाने दहा वेळा. हे न करता थेट उतारावर गेलं की पॅड चकाकतात, ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही.

तपासणी: लिव्हर पूर्ण ताकदीने दाबून अर्धा मिनिट धरा. ती हळूहळू हँडलकडे सरकली तर कुठेतरी हवा किंवा गळती आहे. त्या दिवशी उतार नाही.

## ११. सस्पेन्शन तुमच्या वजनाला लावा

हेल्मेट, गार्ड, बूट, पाण्याची पिशवी, सगळं अंगावर घालून. कोणीतरी सायकल धरायला हवं. पॅडलवर उभे राहा, उतरताना असता तसे वाका, दोन-तीनदा हलके दाबा, स्थिर व्हा आणि धरणाऱ्याला स्टँचियनवरची आणि शॉकवरची रबरी रिंग सीलपर्यंत सरकवायला सांगा. मग हळूच उतरा.

सॅग म्हणजे नुसत्या तुमच्या वजनाने सस्पेन्शन दबतं तेवढं अंतर. मागे ३० टक्के सॅग म्हणजे ७५ मिमी स्ट्रोकच्या शॉकवर २२ ते २३ मिमी. पुढे २० टक्के म्हणजे २०० मिमीच्या फोर्कवर ४० मिमी. कॉइल शॉकला रिंग नसते, तिथे दोन बोल्टमधलं अंतर आधी आणि नंतर मोजा. सॅग साधण्यासाठी प्रीलोडचा कॉलर दोन फेऱ्यांहून जास्त फिरवावा लागत असेल तर स्प्रिंग मऊ आहे, पुढच्या नंबरची घ्या. कॉलर आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त सुरुवातीचा धक्का जास्त बसतो.

कॉम्प्रेशनचे (दबण्याचा वेग ठरवणारे) सगळे स्क्रू उघडे ठेवून सुरू करा, रिबाउंड (परत वर येण्याचा वेग) मध्यावर. फुटपाथच्या कडेवरून बसून उतरा: मागची बाजू एकदा वर येऊन शांत झाली पाहिजे. दोनदा उसळली तर रिबाउंड एक क्लिक हळू करा. एकामागून एक दगडांवरून जाताना सायकल खाली बसत चालली असेल, तर रिबाउंड जास्त हळू आहे. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम फिरवल्या की कशामुळे फरक पडला ते कधीच कळत नाही.

## १२. पहिला दिवस

हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं, एएसटीएम एफ१९५२ या डाउनहिल मानकाचं. गुडघा आणि कोपराचे गार्ड, पूर्ण बोटांचे हातमोजे. एकट्याने जायचं नाही, आणि उतारावर फोनला रेंज आहे का ते आधी पाहून ठेवायचं.

उतार आधी पायी उतरा. गवताखालचे दगड, ताजी चर, गुरांची वाट कुठे आडवी येते, ते डोळ्यांनी पाहा. पहिली फेरी निम्म्या वेगाने. खाली आल्यावर सावलीत उभं राहून दोन्ही क्राउन, स्टेम, दोन्ही ॲक्सल, रोटर, कॅलिपर आणि लिंकेजच्या बोल्टांवर पुन्हा पाना लावा. नव्या जुळवणीत काही बोल्ट बसून ढिले होतात. स्पोक बोटांनी दाबा. पुढचा ब्रेक धरून सायकल मागेपुढे ढकला आणि हेडसेटमध्ये टकटक जाणवते का पाहा. फोर्कवरची रिंग कुठपर्यंत गेली ते नोंदवा. दिवसातल्या सर्वात मोठ्या धक्क्याला ती जवळपास शेवटापर्यंत जाणं योग्य आहे. दर फेरीला शेवटाला आपटत असेल तर हवा किंवा टोकन (हवेची जागा कमी करणारे आतले तुकडे) वाढवा.

गाडीत सायकल बांधताना पट्टा ब्रेकच्या नळीवरून किंवा स्टँचियनवरून नेऊ नका. चाक काढलं असेल तर पॅडच्या मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा सरकवा, नाहीतर चुकून दाबलेली लिव्हर पिस्टन बाहेर ढकलते. घरी आल्यावर गाड्या धुण्याच्या प्रेशर जेटखाली धरू नका. जेटचं पाणी बेअरिंगमधलं ग्रीस काढून तिथे चिखल भरतं. बादली, ब्रश आणि साधं पाणी पुरतं. फोर्कच्या खालच्या पायांचं तेल साधारण ५० तासांच्या चालवण्यानंतर बदला, आणि दसऱ्याच्या सुमारास, पावसाचा चिखल पूर्ण वाळल्यावर, लिंकेजचे सगळे बेअरिंग एकदा उघडून बघा.